पुनःपुन्हा मोडणाऱ्या टेबलाचा तपास

ज्या कार्यालयाचा, ग्रंथालयाचा किंवा दुकानाचा सारा व्यवहार आता संगणकातील डेटाबेसमध्ये नोंदला जातो, तेथील मंडळींना एखाद्या सकाळी काम सुरू करावयाच्या ऐन वेळी पडद्यावर असा निरोप दिसतो की, अमुक नावाचे टेबल मोडल्याची खूण झालेली असून ते दुरुस्त करणे आवश्यक आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या हा निरोप चांगल्याच परिचयाचा असतो. त्याचा क्रमांक १४५. संगणक पाहणारा माणूस बोलावला जातो, तो दुरुस्तीचा हुकूम सोडतो, थोड्याच वेळात टेबल पूर्ववत चालू लागते, आणि ज्याने ते चालू केले त्याच्या कौशल्याचे चार शब्दांत कौतुक होऊन सर्वजण आपापल्या उद्योगाला लागतात. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच तो निरोप पुन्हा हजर होतो, आणि बहुधा त्याच टेबलाचे नाव घेऊन. मग दुरुस्ती हीच एक वहिवाट होऊन बसते. या निरोपात मोडलेल्या वस्तूचे नाव असते, मोडणाऱ्याचे नसते, ही साधी गोष्ट त्या गडबडीत कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

हा प्रसंग मुळात उद्भवतो कसा, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रिलेशनल डेटाबेसची कल्पना आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. माहिती वापरणाऱ्याने ओळी आणि रकाने यांनी बनलेली कोष्टके एवढेच पाहावे, त्या ओळी यंत्राच्या तबकडीवर कोठे व कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत याची फिकीर त्याने मुळीच करू नये, हे त्या कल्पनेचे मर्म होते. आणि आज जगातील बहुतेक बँका, रुग्णालये, रेल्वे व सरकारी खाती यांचा कारभार ज्या निर्धास्तपणे चालतो, ती निर्धास्तता या एका तत्त्वाची देणगी आहे, असे म्हणावयास हरकत नाही. टेबल मोडते तेव्हा नेमका हाच पडदा फाटतो. ज्या गोष्टीची फिकीर करू नये असे आश्वासन दिलेले होते, तिचीच फिकीर करण्याची पाळी येते.

मायएसक्यूएल १९९५ मध्ये स्वीडनमध्ये जन्माला आला. मायकेल विडेनियस आणि त्यांचे सहकारी यांनी तो तयार केला, सहज उपलब्ध करून दिला, आणि त्याच सुमारास फोफावू लागलेल्या संकेतस्थळांनी त्याला उचलून धरले. त्याची रचना अशी की, वरचा भाग प्रश्न समजून घेतो आणि खालचा भाग नोंदी प्रत्यक्ष तबकडीवर ठेवण्याचे काम करतो. या खालच्या भागाला स्टोरेज इंजिन म्हणतात, आणि ते बदलता येते. पुष्कळ वर्षे, म्हणजे २०१० च्या अखेरीस ५.५ ही आवृत्ती येईपर्यंत, वेगळे काही सांगितले नाही तर जे इंजिन आपोआप लागू होई, त्याचे नाव मायआयसॅम. त्याचे कूळ आयबीएमच्या १९६० च्या दशकातील नोंदी साठवण्याच्या पद्धतीपर्यंत जाऊन पोहोचते. ते वेगवान होते, सुटसुटीत होते, लहान यंत्रावरही बिनतक्रार चाले. आणि जुन्या संस्थांच्या सर्व्हरवर ते अद्यापि इतके मुरलेले आहे की, टेबल वारंवार मोडण्याची फिर्याद आली असता प्रथम त्याच्याकडेच पाहावे.

मायआयसॅमचे प्रत्येक टेबल प्रामुख्याने तीन फायलींत राहत असे. एकीत टेबलाचे स्वरूप, म्हणजे कोणते रकाने आहेत याचा तपशील. दुसरीत प्रत्यक्ष नोंदी. आणि तिसरीत इंडेक्स, म्हणजे कोणती नोंद दुसऱ्या फायलीत नेमकी कोठे पडलेली आहे याची सूची. नवी नोंद घालावयाची तर नोंदींच्या फायलीत ती लिहावी लागते आणि इंडेक्सच्या फायलीतही तिचा पत्ता नोंदवावा लागतो. टेबलावर पाच इंडेक्स असतील तर तो पाच ठिकाणी. ही सारी लिखाणे एका क्षणात होत नाहीत. इंडेक्सचे वारंवार लागणारे तुकडे सर्व्हर आपल्या मेमरीत धरून ठेवतो, आणि शिवाय खाली असलेली ऑपरेटिंग सिस्टीमही लिहावयाचा मजकूर काही काळ आपल्यापाशी राखून मग सवडीने तबकडीवर उतरवते. या मधल्या काळात सर्व्हर अकस्मात मेला, तर नोंदींची फाइल एक सांगते आणि इंडेक्सची फाइल दुसरेच सांगते, अशी अवस्था होते. नोंद आहे पण तिचा पत्ता नाही, किंवा पत्ता आहे पण तेथे अर्धीच नोंद आहे.

हे ओळखण्यासाठी इंडेक्सच्या फायलीच्या आरंभी एक गणक ठेवलेला असतो. टेबल उघडून त्यात पहिला बदल झाला की तो वाढतो, आणि टेबल रीतसर बंद झाले की पुन्हा उतरतो. सर्व्हर रीतसर बंद न होता मेला तर तो वाढलेलाच राहतो, आणि पुढच्या तपासणीत ‘हे टेबल नीट बंद केलेले नाही’ अशी सूचना मिळते. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे: ही सूचना म्हणजे टेबल मोडल्याचा निर्वाळा नव्हे. कित्येकदा गणक तेवढा वर राहिलेला असतो आणि आतल्या नोंदी शाबूत असतात. तपासणीचा हुकूम देऊन शहानिशा करावी, आणि मगच दुरुस्तीकडे वळावे. तपासणीत विसंगती सापडली, किंवा एखादी नोंद वाचताना सर्व्हरला ती आढळली, म्हणजे मात्र टेबलावर मोडल्याची खूण होते, आणि क्रमांक १४५ चा निरोप तेव्हाचा.

दुरुस्ती म्हणजे काय होते, हेही पाहिले पाहिजे, कारण त्या शब्दाने पुष्कळांची फसगत झालेली आहे. दुरुस्तीचा हुकूम नोंदींची फाइल आरंभापासून वाचत जातो, ज्या नोंदी त्याला सुसंगत वाटतात त्या एका तात्पुरत्या फायलीत उतरवून घेतो, ज्या वाटत नाहीत त्या टाकून देतो, आणि उरलेल्या नोंदींवरून इंडेक्स नव्याने बांधतो. म्हणजे दुरुस्त झालेले टेबल हे सुसंगत टेबल असते. ते पूर्ण टेबल असेलच असे नाही. किती ओळी होत्या आणि किती राहिल्या, याचा आकडा दुरुस्तीच्या अहवालात येतो, पण तो वाचण्याची तसदी घेणारे थोडे. त्यासाठीच दुरुस्तीपूर्वी सर्व्हर थांबवून त्या फायलींची एक प्रत बाजूस काढून ठेवावी, असा जाणत्यांचा आग्रह असतो. दुरुस्तीसाठी मायआयसॅमचेक नावाचे एक स्वतंत्र साधनही आहे, आणि ते फार उपयोगी आहे. परंतु सर्व्हर चालू असताना, टेबलाला कुलूप न लावता, ते चालवणे म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकाच कागदावर खाडाखोड करणे होय. वारंवार मोडणाऱ्या टेबलांपैकी काही तर निव्वळ या दुरुस्तीनेच मोडलेली असतात, आणि दुरुस्ती करणाराच प्रत्येक वेळी अधिक उत्साहाने ती करीत असतो.

दुरुस्तीला जागा लागते, हेही सहसा विसरले जाते. तात्पुरती फाइल जवळजवळ मूळ फायलीइतकीच मोठी होते. तबकडी आधीच भरत आलेली असेल, तर मायआयसॅम साध्या लिखाणाच्या वेळी थांबून राहते आणि जागा मोकळी झाली की पुढे जाते. पण दुरुस्तीच्या मध्येच जागा संपली तर ती मोठी तात्पुरती फाइल पुसून टाकून टेबलावर मोडल्याची खूण करते. मग पडद्यावर येतो तो १४४ क्रमांक: टेबल मोडलेले आहे आणि मागची दुरुस्तीही फसली आहे. अशा वेळी तीच दुरुस्ती पुन्हा करीत राहण्यापेक्षा तबकडीवर मोकळी जागा किती आहे, हे पाहणे श्रेयस्कर.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एकदा मोडलेल्या टेबलाबद्दल फारशी चौकशी नाही केली तरी चालेल. वीज गेली असेल, कोणी चुकून कळ दाबली असेल. पण तेच पुन्हा घडते तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, टेबल मोडण्याच्या आधी सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला होता काय? या एका प्रश्नाच्या उत्तराने सारा मामला दोन भागांत विभागला जातो, आणि माझ्या मते तपासाचा निम्मा श्रम येथेच वाचतो. दुर्दैवाने हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण सर्व्हर मेल्याचे कोणाला कळतच नाही. त्याच्यावर देखरेख करणारी व्यवस्था तो मेल्याबरोबर काही क्षणांत त्याला पुन्हा उभा करते, आणि कामकाज चालू असलेले पाहून सर्वजण समजतात की तो बंद पडलाच नव्हता.

उत्तर सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत, असते. मात्र ती रोजनिशी वाचण्यास थोडी दृष्टी लागते. सर्व्हर रीतसर बंद झाला असेल तर बंद होत असल्याची नोंद तेथे मिळते. सर्व्हरच्या आतील एखाद्या दोषाने तो कोसळला असेल तर तो मरता मरता सिग्नल ११ (सिग्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममार्फत प्रोग्रामला मिळणारा क्रमांकित इशारा) असा उल्लेख करून आपण कोणत्या कामात होतो याचा काही मागमूस सहसा लिहून ठेवतो. पण त्याला बाहेरून सिग्नल ९ ने ठार केले असेल, किंवा वीजच गेली असेल, तर त्याला लिहावयास अवधीच मिळत नाही. जुन्या मजकुरानंतर एकदम नव्याने सुरू झाल्याच्या ओळी लागतात, मध्ये बंद झाल्याची नोंदच नसते. त्या न लिहिलेल्या नोंदीला येथे लेखी पुराव्याइतकेच मोल आहे.

ठार करणारा कोण, हे मग दुसऱ्या दप्तरात शोधावे लागते. लिनक्सवर मेमरी संपत आली की ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच्या बचावासाठी एखादा मोठा प्रोग्राम निवडून त्याला मारून टाकते, आणि अनेक सर्व्हरवर सर्वांत मोठा प्रोग्राम डेटाबेस हाच असल्याने तो नेमका बळी पडतो. या कृत्याची नोंद डेटाबेसच्या लॉगमध्ये नसते. ती कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ‘मेमरी संपली’ अशा मजकुरासह सापडते. दोन्ही लॉग समोरासमोर ठेवून वेळा ताडून पाहिल्या म्हणजे मिनिटासह जुळतात. मग टेबलाला दोष देण्यात अर्थ राहत नाही. सर्व्हरला दिलेल्या मेमरीच्या मर्यादा उतरवाव्या लागतात, अथवा त्याच यंत्रावर रात्री चालणारे एखादे अवजड काम अन्यत्र हलवावे लागते. दुसरा एक प्रकार याहून साळसूद असतो. यंत्र रोज ठराविक वेळी पुन्हा चालू करण्याची प्रथा असते, यंत्र बंद होताना डेटाबेसला मेमरीतील सारा मजकूर तबकडीवर उतरवण्यास काही मुदत दिली जाते, आणि ती मुदत अपुरी असली म्हणजे पुढे हाच सिग्नल ९ वापरला जातो. इंडेक्सचे लिखाण मुद्दाम लांबणीवर टाकण्याची सवलत मायआयसॅममध्ये आहे, आणि वेगाच्या मोहाने ती चालू केलेली असेल तर ही मुदत कमी पडण्याचा संभव वाढतो.

विजेचे तर काय सांगावे! महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली आहेत, त्यांना यूपीएसची बॅटरी कागदोपत्री किती वेळ टिकते आणि प्रत्यक्षात किती, यातले अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. बॅटरी आहे एवढ्याने भागत नाही. ती संपण्यापूर्वी सर्व्हरला रीतसर बंद करण्याची तजवीज आहे की नाही, हे पाहावे लागते.

येथवर जे मोडते ते बहुधा एकच टेबल असते, आणि त्यावरून ते टेबलच अपशकुनी ठरवले जाते. वस्तुतः कारण सोपे आहे. ज्या टेबलात सतत लिहिले जाते, उदाहरणार्थ संकेतस्थळावर कोण आले-गेले याची नोंद ठेवणारे किंवा दाखल झालेल्या वापरकर्त्यांचा हिशेब ठेवणारे, तेच सर्व्हर मरण्याच्या क्षणी अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत सापडण्याचा संभव सर्वाधिक. महिन्यातून दोनदा ज्याला हात लागतो ते टेबल त्या अपघातातून सहीसलामत सुटते.

आता दुसरा भाग. सर्व्हर एकदाही बंद पडला नाही, लॉग नितळ आहे, आणि तरीही टेबल मोडते. आज हे, उद्या ते. अशा वेळी संशय यंत्राच्या अंगावर जातो. तबकडीचे बिघाड तिच्यातील स्मार्ट नावाच्या स्वयंपरीक्षणाच्या व्यवस्थेतून आणि कर्नलच्या लॉगमधील वाचन-लेखनाच्या तक्रारींतून बरेचदा उघडकीस येतात. मेमरीचे मात्र तसे नाही. मेमरीच्या एखाद्या पट्टीतील एक बिट शून्याचा एक झाला, तर तो चुकलेला मजकूर डेटाबेस अत्यंत निष्ठेने तबकडीवर उतरवतो आणि कोणालाही काही कळत नाही. हे क्वचितच घडत असेल असा समज होता. परंतु गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत चुका आढळल्याचे नमूद आहे. त्या सर्व्हरांत चुका ओळखून सुधारणारी ईसीसी जातीची मेमरी होती, म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरगुती यंत्रालाच सर्व्हर म्हणून बसवलेल्या ठिकाणी त्या मोजल्याही जात नाहीत. मेमटेस्टसारखा परीक्षक रात्रभर चालवून पाहणे हा यावरचा साधा उपाय आहे, पण त्यासाठी सर्व्हर तेवढा वेळ बंद ठेवावा लागतो, आणि ती परवानगी मिळवणे हेच तपासातील सर्वांत कठीण कलम असते.

यंत्र निर्दोष ठरले आणि बाहेरचा कोणताही प्रोग्राम त्या फायलींना हात लावीत नाही अशी खात्री झाली, तर मग खुद्द मायएसक्यूएलमधील दोषाचा विचार करावा. उतावळे लोक आरंभच येथून करतात, ही गोष्ट वेगळी. या संशयाची कसोटी घेण्याची एक पद्धत खुद्द मायएसक्यूएलच्या पुस्तिकेत दिलेली आहे, आणि ती मला तर्कशुद्धतेचा उत्तम नमुना वाटते. टेबले तपासून, निर्दोष असताना त्यांची प्रत काढावी. सर्व्हर बायनरी लॉग चालू ठेवून सुरू करावा, म्हणजे यापुढचा प्रत्येक बदल क्रमवार नोंदला जाईल. टेबल मोडले की सर्व्हर थांबवून ती निर्दोष प्रत पुन्हा बसवावी, आणि लॉगमधले सारे बदल त्याच क्रमाने तिच्यावर पुन्हा करावेत. टेबल पुन्हा मोडले, तर दोष प्रोग्रामात आहे आणि तो कर्त्यांना पुराव्यासह दाखवता येतो. मोडले नाही, तर मोडणारे कारण त्या बदलांत नव्हतेच. ते यंत्रात, विजेत किंवा कोणाच्या तरी हातात होते.

बॅकअपचाही एक फेरा आहे. चालू सर्व्हरच्या फायली कुलूप न लावता नुसत्या उचलून नकलल्या, तर मूळ टेबल शाबूत राहते पण नक्कल अर्धवट होते. मग अपघातानंतर हीच नक्कल परत बसवली जाते, ती पहिल्या दिवसापासूनच मोडकी असते, आणि टेबल पुन्हा मोडले अशी ओरड होते. मायएसक्यूएलडंपसारख्या साधनाने काढलेला बॅकअप या दोषापासून मुक्त असतो. मायआयसॅममधली आणखी एक सोय म्हणजे टेबल उघडताना ते आपोआप दुरुस्त करण्याची. गैरसोय टळते हे खरे. परंतु ती सोय चालू ठेवून कोणी लॉग वाचेनासे झाले, म्हणजे नोंदी थोड्याथोड्या गळत राहतात आणि फिर्याद कोणाकडेच येत नाही. मला ती सोय पसंत नाही.

या साऱ्यातून सुटण्याचा राजमार्ग म्हणून इनोडीबी या दुसऱ्या इंजिनाकडे जाण्याचा सल्ला मिळतो, आणि तो योग्यच आहे. फिनलंडच्या हेइक्की टूरी यांनी घडवलेले हे इंजिन ५.५ पासून आपोआप लागू होऊ लागले. त्याचे तत्त्व आपल्याकडील जुन्या पेढीवरच्या कारकुनाला एका वाक्यात पटले असते: आधी कीर्द, मग खतावणी. कोणताही बदल मूळ जागी उतरण्यापूर्वी लॉगमध्ये लिहिला जातो. सर्व्हर मध्येच मेला, तर पुन्हा उठताना तो लॉग वाचून पुरे झालेले व्यवहार पुरे करतो आणि अर्धे राहिलेले रद्द करतो. या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध शास्त्रीय मांडणी आयबीएममधील सी. मोहन या भारतीय शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९२ साली केली. इनोडीबीत आणखी एक खबरदारी आहे. त्याचे पान, म्हणजे नोंदी एकत्र साठवण्याचा ठरावीक आकाराचा तुकडा, सहसा सोळा किलोबाइटचे असते, तबकडी मात्र त्याहून लहान तुकड्यांत लिहिते, तेव्हा पान अर्धेच लिहिले जाण्याचा धोका राहतो. म्हणून ते पान आधी एका राखीव जागी व मग खऱ्या जागी, असे दोनदा लिहिले जाते. शब्दशोधाची जी सोय केवळ मायआयसॅममध्ये असल्याने अनेकजण तेथे अडकून पडले होते, तीही ५.६ या आवृत्तीपासून इनोडीबीत आली आहे.

तरीपण स्थलांतर करण्यापूर्वी तपास पुरा करावा हे बरे. वीज आणि अकाली मृत्यू यांचा उपद्रव इनोडीबी निस्तरते. सदोष मेमरीचा ते निस्तरू शकत नाही. फरक इतकाच पडतो की, इनोडीबी प्रत्येक पानाची बेरीज ताडून पाहते, आणि ती जुळली नाही की एका टेबलाची तक्रार करून न थांबता अनेकदा अख्खा सर्व्हरच उभा राहण्यास नकार देतो. हे पाहून कित्येकांना जुने इंजिन बरे होते असे वाटू लागते, कारण ते चुकलेली नोंदही मुकाट्याने वाचून दाखवीत असे. हा नकार मोडून काढण्यासाठी सक्तीच्या पुनःस्थापनेच्या एक ते सहा अशा पायऱ्या दिलेल्या आहेत. एकपासून आरंभ करून, जेवढ्या पायरीवर सर्व्हर उठेल तेवढ्यावर थांबून, सारी टेबले बाहेर काढून घ्यावीत आणि नव्या, तपासलेल्या यंत्रावर नव्याने बसवावीत; चार आणि त्यापुढील पायऱ्यांवर डेटा कायमचा बिघडू शकतो असे पुस्तिकाच बजावते, म्हणून त्या केवळ फायलींच्या वेगळ्या प्रतीवर चालवून पाहाव्यात.